तीनदा चुकल्यावर

नवरा गेला, पण त्याने बनवलेला छोटा प्रोग्रॅम मी अजून वापरते. कमांड टाइप केली की घरची कागदपत्रं उघडतात. तो नीट चालतो का हे तपासणाऱ्या त्याच्या चाचण्या साध्या वाक्यांत आहेत. एक अशी: ‘समजा बायको पासवर्ड विसरली. जेव्हा ती तीनदा चुकेल, तेव्हा नवऱ्याला निरोप जावा.’

"बाबांनी तुझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीये," लेक म्हणाली. "आता त्यांच्या जागी मला घाल. उद्या खरंच अडलीस तर कोण धावणार?"

तिचं खरं होतं. पण तो जाऊन आठ महिने झाले तरी चाचणी पास होत होती. दर वेळी कंटेनर, म्हणजे संगणकातच एक कोरा संगणक, सुरू होतो. त्यात नवऱ्याचा लुटुपुटीचा इनबॉक्स तयार होतो, निरोप पोचतो, हिरवी खूण येते आणि सगळं पुसलं जातं. कंटेनरला कुणी काही कळवलंच नव्हतं.

मी ती चाचणी एकदा शेवटची चालवली. हिरवी. मग सगळीकडे ‘नवऱ्याला’ खोडून ‘लेकीला’ लिहिलं. तीही हिरवी.

"आता खुशाल विसर," लेक म्हणाली.

पासवर्ड मी कधीच विसरले नव्हते. तीनदा चुकलं की तो कामावरून फोन करायचा, म्हणून चुकायचे.