दोन बोटांचे खळगे

मार्लिस ट्वेट मोन्टानातल्या त्या गावात राहायला आली त्याला अख्खा हिवाळा उलटून गेला होता, तरी किराणा दुकानातली बाईदेखील तिच्याकडे मान वर करून बघत नव्हती. गावातली माणसं शनिवारी जुन्या काळच्या गुराख्यांचे कपडे, टोप्या चढवून दगडाच्या खाणीत लोखंडी पत्र्यांवर नेमबाजी करतात, हे तिने ऐकलं होतं. त्यांच्यात मिसळलं तर निदान ओळखी होतील, या आशेने ती रास्कोच्या बंदुकांच्या दुकानात गेली.

रास्को खुर्चीतून उठला नाही.

"खाणीवरच्या खेळासाठी रायफल हवी होती. खालचा खटका ओढून गोळी चढवायची, तसली."

"तुम्हाला?"

"का? बायका खेळत नाहीत?"

"खेळतात ना. बाकीच्या."

शेगडीपाशी बसलेले दोन टोपीवाले हसले. रास्कोने एक रायफल तिच्यापुढे आदळली. ती इतकी जड होती की मार्लिसला खांद्यापर्यंत नेता येईना. दुसरीचा खटका अर्ध्यावर अडकायचा, आणि ते ठाऊक असूनही रास्को तिची झटापट मजेत पाहत राहिला. मग तिला कोपऱ्यात टांगलेली, आखूड नळीची तिसरी दिसली.

"ती बघू."

हसणं थांबलं. रास्कोने ती आणून ठेवली आणि हात विजारीला पुसले.

हातमोजे काढून मार्लिसने रायफल उचलली. ती आपसूक खांद्याला लागली. खटका लोण्यासारखा खाली गेला, वर आला. खटक्याच्या कडीला गुंडाळलेलं कातडं वापरून वापरून काळं पडलं होतं. तीन बोटं मावायची ती जागा, पण खळगे दोनच होते. मधली जागा कोरी, नव्यासारखी होती. तिथे जे बोट यायला हवं, नेमकं तेच मार्लिसच्या हाताला नव्हतं; लहानपणीच मळणीयंत्रात गेलं होतं.

"ही कोणाची?"

"नाटकं कशाला करता, बाई? न्या. फुकट न्या, पण जा इथून."

"या हिवाळ्याआधी मी या गावात कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं."

"मागच्या वेळी आली तेव्हाही हेच म्हणाली होती," शेगडीपाशी कोणीतरी पुटपुटलं.

शनिवारी खाणीत तिला कोणी काही शिकवलं नाही, की अडवलंही नाही. ती रेषेवर एकटीच उभी राहिली. जन्मात कधी रायफल न चालवलेले तिचे हात भराभर चालू लागले, आणि पत्र्यामागून पत्रा खणखणत गेला. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीपेक्षा जास्त, बरं वाटलं. आता तरी कोणी टाळी वाजवेल, म्हणून ती हसत मागे वळली.

सगळे शरण आल्यासारखे हात वर करून उभे होते. एका म्हातारीचा हात खांद्यातून वर जात नव्हता. तो शेजारच्याने धरून ठेवला होता.