कपाळावरची पिवळी बोटं

मी फिलाडेल्फियातल्या एका मैदानावरचा जुना लोखंडी फलक आहे. बास्केटबॉलची कडी छातीवर वागवणारा. मित्रांनो, आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता अर्धा गंज आणि अर्धा मी.

तरी वस्ती मला मान देते, ती कपाळावरच्या पिवळ्या ठशांसाठी. मैदानाचा राजा ठरला की त्याने बोटं रंगात बुडवायची, उडी मारायची आणि हात पोचेल तिथे मला टेकवायची. सर्वांत उंच ठसा ऑडेलचा, १९६९ सालचा. तेव्हा तो उडाला की खाली यायचं विसरायचा. आता त्याची चौऱ्याहत्तरी झाली, गुडघे कुरकुरतात.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळे जमले. आजचा राजा टेवॉन ऑडेलचा विक्रम मोडणार होता. ठसा उमटवून, उतरताना दोन्ही हातांनी कडीला लोंबकळायचं, हा त्याचा शौक.

माझा मात्र थरकाप होत होता. त्या हिवाळ्यात माझ्या पाठीचे बोल्ट गंजून भुगा झाले होते. टेवॉन लोंबकळला की मी त्याला घेऊनच खाली येणार होतो. ओरडायला मला तोंड नाही.

"काका, तुमच्या काळी तुमच्यासमोर खेळायचं कोण? पहाटे दूध टाकून दमलेली माणसं," टेवॉन म्हणाला.

"आणि तुझे बूटच उड्या मारतात, तू नुसता वर बसून जातोस," ऑडेल म्हणाला. "शिवाय कडी आमच्या वेळी उंच होती."

सगळे खो खो हसले. सरबताच्या गाडीवरची रोवीना म्हणाली, "ऑडेल, लोखंड कधी खचतं का रे?"

लोखंड खचलं नव्हतं, जमीन वर आली होती. दर चार-पाच वर्षांनी जुन्या डांबरावर नवं ओतलं जाई. ऑडेल हट्टाने शिडी लावून चढला आणि मोजपट्टी खाली सोडली. दहा फूट हवी ती कडी नऊ फूट आठ इंचांवर. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. तोल सावरायला त्याने माझ्या पाठीमागे हात घातला, आणि बोल्टचा भुगा त्याच्या मुठीत आला.

"पोरा, आज उडी नको. मागचे बोल्ट गेलेत."

"आता बोल्ट का?" टेवॉन हसला. "आधी उंची सांगा."

ऑडेलने मोजपट्टी गुंडाळली. "दहा फूट भरली. तू मोठा, मी हरलो. जा घरी."

"मग ठसा तरी उमटवू द्या."

ऑडेल उतरलाच नाही. कडीखाली शिडीवर तसाच बसून राहिला. शिडी जरा हलली की मी कण्हत होतो. अर्ध्या तासाने वैतागलेला टेवॉन त्याला उतरवायला वर चढला आणि त्याने माझी पाठ पाहिली. पिवळा रंग लागलेली बोटं त्याने पँटला पुसली. मग म्हाताऱ्याच्या कमरेला हात घातला आणि एकेक पायरी मोजत त्याला खाली आणलं.

आता माझे बोल्ट नवे आहेत. खरी उंची ऑडेलने आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मित्रांनो, कोणाच्या काळातला खेळाडू मोठा, यावर खुशाल भांडा. फक्त उडी मारायच्या आधी एकदा माझ्या मागे येऊन बघत जा.