देवीनं मागितला इतिहास

"मेलेल्यांची नावं पाठ करून तू काय त्यांना गोदामात कामाला लावणार हायेस?" भगीरथकाका गाडीवरून न उतरताच म्हणाला.

मनस्वी राबावर, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्यावर, भाजणीसाठी वाळला पाला पसरत होती. माती अशी तापलेली की ढेकूळ उचललं तर चटका बसावा. बांधाशी तिचा बाप धाऊ पाटीत शेण भरत होता.

"काका, एकच वर्ष उरलंय माझं."

"वर्ग बंद म्हंजे बंद. सरकारच सांगतंय, ज्यानं देशाचा धंदा वाढंल तेच शिकवा. गोदामाचा कोर्स, ड्रोनचा कोर्स. इतिहासानं कुणाच्या ताटात भात पडला गो?"

"सर म्हणत होते, समितीनं मनावर घेतलं तर आमचं शेवटचं वर्ष निघंल."

"समिती म्हंजे कोण? मीच ना? मी नाय घेत मनावर."

तालुक्याच्या कॉलेजच्या समितीचा अध्यक्ष तो, आणि धाऊचा चुलतभाऊ. त्याच्या गाडीने धूळ उडवली. सगळी पोरीच्या तोंडावर.

कल्याणच्या कॉलेजात जा, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं! खर्डी स्टेशन गाठायचं तर वाट जंगलातली, अंधारातली. धाऊ पोरीला धाडणार नव्हता. वर्ग गेला की शिक्षण गेलं.

राब पेटवला. पाला भडकून विझतो, शेण मात्र आतल्या आत दिवसभर धुमसतं. मनस्वी शेणाच्या जातीची.

मग गावचा बोहाडा आला, रात्रभर देवादैत्यांचे मुखवटे नाचवायचा उत्सव.

बोहाड्यात सोंगांचा मान घराघराला ठरलेला. देवीचं सोंग धाऊच्या घरचं, महिषासुराचं भगीरथच्या. सोंग बाप्यांनीच घ्यायचं. आणि एकदा मुखवटा चढला की आतला माणूस उरत नाही. देवीने मारलं तर तक्रार नाही, देवीने मागितलं तर नकार नाही.

यंदा राब भाजताना धाऊचा पायही भाजला.

"चंदरभावजीला सांगू या सोंगाचं," मनस्वीची आई देवकी म्हणाली.

"मी घेते."

"खुळी का काय? बाईमाणूस सोंग घेतं का कधी?"

"आये, देवी काय बाप्या हाय?"

धाऊ उठला, लंगडत आला, आणि मुखवट्याची दोरी त्यानेच तिच्या मानेमागे आवळली.

"हात हलका ठेव."

"बघू."

दिवस उगवताना शेवटचं सोंग निघालं. सांबळ घुमलं. शिंगं उगारत महिषासुर आला. मुखवट्याखालच्या ढेरीवरूनच भगीरथ ओळखू येत होता. रीत साधी. देवीने लाकडी तलवार मानेला लावायची, त्याने पडायचं, लोकांनी पाया पडून घरी जायचं.

तलवार लागली. तो पडला.

"ऊठ!"

तो गोंधळून उठला. पुन्हा लागली. लागली म्हणजे, बसली. पाठीत. खांद्यावर. त्याने हात आडवा घातला, तर हातावर.

"वारं लय कडक आलं यंदा!" लोकांनी हात जोडले.

म्हातारा भगत चांगो पुढे झाला. "माते, शांत हो. काय पायजे तुला? कोंबडा? नारळ?"

मुखवट्याआडून आवाज आला, "माझी पोरं वर्गाच्या भायेर उभी हायेत. त्यांचं शेवटचं वर्ष पुरं कर."

आवाज भगीरथने ओळखला. त्याने तोंड उघडलं.

इथे जरा थांबा. त्याच्या जागी उभे राहा. ही देवी नाही, धाऊची पोर आहे, एवढं ओरडला असता तर सोंग मोडलं असतं, गाव तिच्यावर तुटून पडलं असतं. पण मग तालुकाभर झालं असतं, की अध्यक्षाला एका पोरीने बडवलं.

तोंड मिटलं.

"कबूल कर रे!" चांगो ओरडला.

"क... कबूल, माते."

त्यावर आणखी एक बसली. ती मात्र देवीची नव्हती.

जूनमध्ये समितीचा ठराव झाला. सरकार काही बदललं नाही. नव्या पोरांना इतिहास नाहीच, फक्त यांचं शेवटचं वर्ष चालणार. भगीरथचा उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याने सही जमेना. शेवटी अध्यक्षाने ठरावावर अंगठा उठवला.

सरांकडून आलेली ही बातमी मनस्वीने सांगितली तेव्हा धाऊ राबात भात पेरत होता. हसून हसून त्याला खोकला लागला.

"झालं ना मनासारखं? आता तरी राग सोड गो बाय."

मनस्वीने मूठभर भात घेतलं, वाफ्यात फेकलं.

"मागनं येणाऱ्या पोरांचा वर्ग बंदच हाय, बाबा."

"मग?"

"काकाचा डावा हात अजून चांगला हाय ना?"