तबकातली रिकामी खाच

“भाऊजी, आत आहात हे मला ठाऊक आहे. नळ वाजतोय.”

दारापलीकडून अक्काचा, म्हणजे त्याच्या थोरल्या मेहुणीचा आवाज आला. त्याने नळ बंद केला. हातातला छोटा काचेचा पेला त्याने सकाळपासून कितीदा धुतला होता. तरी हुंगला की वास यायचाच. पेल्याला येत होता की त्याच्या बोटांना, ते कळत नव्हतं. पेला सदऱ्याच्या खिशात टाकून त्याने कडी काढली.

“खोका न्यायला आले,” अक्का म्हणाली. “उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. खिडक्या का बंद करून बसलात? कोंबडीच्या खुराड्यात याहून जास्त वारा असेल.”

प्रभुभोजनात द्राक्षरस वाटायचे हे छोटे पेले महिनाभर त्याच्या घरी असत. धुऊन, पुसून, उजेडात धरून बघायचं काम बायकोचं होतं. ती गेल्यावर त्याने ते मागून घेतलं. चर्चच्या मंडळीत कुणी नको म्हटलं नाही. दारू सुटल्याची साक्ष त्याने त्याच मंडळीसमोर उभं राहून दिली होती. तेव्हा पुढच्या बाकावर बायको मान खाली घालून रडत होती.

अक्काने खोका उघडला. तबकाच्या खाचांत पेले नीट बसलेले होते. एकच खाच रिकामी होती.

“फुटला? जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्यात, आणि घरात एक पेला सांभाळता आला नाही?”

“फुटला नाही.” त्याने खिशातला पेला काढून टेबलावर ठेवला. “यातनं प्यायलो. म्हटलं, एवढंसं माप असलं की जास्त जाणार नाही.”

अक्का खुर्चीत बसली.

“राहिलं का मापात?”

“नाही.”

“बाटली?”

त्याने कपाटाकडे पाहिलं. “खोका घेऊन जा, अक्का. दुसऱ्या कुणाला द्या. सोडायची, धरायची, सोडायची. देवालासुद्धा वीट आला असेल माझा.”

“देवाचं मला माहीत नाही. मला आलाय.” तिने पदराने तोंड पुसलं. “पण माझ्या बहिणीला नव्हता आला. तुम्ही दर वेळी सोडलीत की धावत सांगायला यायची, ‘यांनी सोडली गं.’ दर वेळी पहिल्यांदाच सोडल्यासारखी. मी हसायचे तिला.”

ती उठली. खोका तिथेच राहिला.

“हे घेऊन जा ना.”

“तुम्हीच आणा. आणि त्या पेल्याचं पाळकांना तुम्हीच सांगा. साक्ष द्यायला जीभ वळली होती, याला पण वळेल.”

दार लागलं. खोली पुन्हा तेवढीच झाली. टेबल, कपाट, मध्ये तो. बाटली ओतून टाकायला म्हणून तो दोनदा उठला आणि दोन्ही वेळा कपाटाला हात न लावता परत बसला. उघडली तर आपले हात ती ओततील की तोंडाला लावतील, याची त्याला खात्री नव्हती.

सकाळी खोका उचलला तेव्हाही बाटली कपाटातच होती.

उपासनेआधी पाळक चर्चच्या मागच्या खोलीत सुरईत द्राक्षरस काढत होते. त्याने तबक ठेवलं, बाजूला तो पेला ठेवला आणि सांगितलं. अक्काला सांगितलं होतं तेवढंच. सांगून तो दाराकडे वळला.

“धुतलाय का?” पाळकांनी विचारलं.

“खूपदा.”

“पुन्हा धुवा.”

तो थांबला. मग मोरीशी गेला. पेला नळाच्या तोटीवर टिणटिण वाजत होता. धुऊन, पुसून त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला, बायको धरायची तसा. कितीही पाहिलं तरी स्वच्छ झाला की नाही, हे त्याला ठरवता येईना.

बाहेर पहिलं गीत सुरू झालं. पाळकांनी बाकीचे पेले भरले होते. त्या एका रिकाम्या खाचेजवळ सुरई धरून ते त्याच्या पेल्यासाठी थांबले होते.