पोलिक्सेनीच्या कानातली शिट्टी

हॅलो! कोण पायजे? म्हातारी घरात न्हाई. मीच बोलतोय, तिचा फोन. राखाडी रंगाचा, बटणांचा. ठेवू नका, आयका.

ग्रीसमधल्या आमच्या नाउसा गावच्या दुकानातनं पोलिक्सेनीनं मला आणला त्याला दोन वर्सं झाली. तीस वर्सं सूतगिरणीत काढली बाईनं, मशिनींच्या धडधडीत कान गेले. आता कानामागं बोटाएवढं ऐकायचं यंत्र लटकतंय.

मी जरा वात्रट हाय. तिचे हात पिठात असले की मला वाजायची लय हौस. आन् माझी खरी गंमत म्हंजी शिट्टी! मला कानाला लावला की यंत्र आन् मी मिळून कुईंऽऽ करायचो. म्हातारी तोंड वाकडं करायची आन् मी पोटात हसायचो. वाटायचं, चिडवतोय तिला. तिला शब्दच ऐकू येत न्हाई, ह्ये मला कुठं ठाव?

मागल्या आठवड्यात तिच्या नावाचा सण व्हता. तिच्या नावाच्या संतिणीचा दिवस. आमच्याकडं त्या दिवशी कुणाला बोलवत न्हाईत, समदे आपणहून येत्यात, न्हाईतर फोन करत्यात. येईल तो म्हणतो, "उदंड आयुष्य!" म्हातारी म्हणती, "तुलाबी! दरवर्सी असंच घडो!" सकाळपासनं सव्वीस फोन झाले. कुनालाच काय कळलं न्हाई.

सत्ताविसावा जर्मनीतल्या स्टुटगार्टहून. धाकटी बहीण, दोम्ना.

"ताई, गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढणार हायेत. लय भ्या वाटतंय गं. येशील का?"

कुईंऽऽ.

म्हातारी हसून म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो! दरवर्सी असंच घडो!"

मी गारच पडलो! पलीकडनं खट्! दोम्नानं फोन ठेवला.

म्हातारी सरळ पाव्हण्यांना लाडू द्यायला गेली. दोन वर्सं ज्याला मी थट्टा म्हणत व्हतो, ती ही! मला आरडावं वाटलं, पण फोनाला सोताचं तोंड नसतंय.

दोम्नानं रडत आमच्या शेजारच्या स्टेर्गिओसला फोन लावला. त्यो टेलिफोन खात्यातला जुना मिस्त्री. धावतच आला.

"वैनी! बहिणीचं पोट फाडणार, आन् तुमी दरवर्सी फाडा म्हणता?"

पोलिक्सेनीनं लाडवाचं ताट खाली ठेवलं. "भावजी, मला ह्यातनं नुसती शिट्टी येती. दोन वर्सं झाली."

"मंग बोलला का न्हाई?"

"लोक म्हणले असते, म्हातारी संपली."

स्टेर्गिओसनं यंत्र हातात घेतलं. त्याच्यावर बारकं बटण, वर चिकटपट्टी! "डॉक्टर म्हणला, हिकडं सरकलं की आवाज जातो. म्हणून म्या चिकटवलं," म्हातारी म्हणाली.

"आवो, त्येच तर फोनाचं बटण! सरकवलं की यंत्र बाहेरचा गलका आयकायचं सोडतंय, आन् फोनातल्या चुंबकावरनं बोलणं उचलतंय."

सरकवलं. मला लावलं. शिट्टी गेली, पण आवाजबी न्हाई. मी नव्या चालीचा, माझं चुंबक अगदीच मरतुकडं. स्टेर्गिओसनं मला उघडला! ऐकायच्या टोकातली माझी आवाजाची डबी काढून फेकली आन् आपल्या घरच्या जुन्या काळ्या फोनातली जाडजूड बसवली. माझ्यापेक्षा माझा बाप बरा, ह्ये त्या दिवशी कळलं.

"आता कानाच्या भोकावर न्हाई, वैनी. जरा वर, यंत्रापाशी धरा." त्यानं स्टुटगार्ट लावलं.

"आता कशाला फोन केलास?" दोम्ना म्हणाली.

दोन वर्सांत पैल्यांदा म्हातारीला माझ्यातनं शब्द ऐकू आला. मंग म्हणाली, "दोम्ने, तुझा आवाज आईवाणी झालाय गं. उद्याच्या बशीनं निघते."

म्हातारी गेली. घर रिकामं. गुरुवारी सांच्याला स्टेर्गिओस तुळशीला पाणी घालायला आला आन् मी वाजलो. गडी माझ्याकडं बघत हुबा, हात उचलंना. सात घंट्या झाल्या. आठवीला उचलला.

"भावजी! दोम्ना जागी झाली! डोळं उघडल्या उघडल्या काय म्हणाली ठाव हाय? 'ताई, वरडू नको, बहिरी तू हायेस, मी न्हाई!'"

स्टेर्गिओस हसता हसता माझ्यावरच रडला. त्या दोघी अजून तिकडंच हायेत.

तुमच्या घरी असं यंत्रवालं कुणी आसंल, तर आज फोन करा. नुसतं कसं काय म्हणू नका. इचारा, दुपारी काय जेवलात? उत्तर जुळलं न्हाई, तर तसेच धावत जावा.