टॉवेलवरचं विष

दिवसाला दोन सुया, म्हणजे वर्षाला सातशे तीस. एवढ्या सुया दादाच्या पोटात टोचायच्या वाचणार होत्या, आणि वर सकाळच्या चहात दोन चमचे साखर. जलगुरूंच्या टबात पाय बुडवून दादाला मिळणार होतं ते एवढंच. पंधरा वर्षं मधुमेह अंगावर वागवलेल्या माणसाला हा सौदा सोडवला नाही, यात नवल नाही. जलगुरूंना काय मिळणार होतं, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्यांचा दरबार भरायचा. वीस खुर्च्या, वीस टब आणि दाराबाहेर कोपऱ्यावरून वळलेली रांग. टबात गरम पाणी, त्यात 'सिद्ध क्षार' नावाची मूठभर पांढरी पूड आणि मधोमध वायर जोडलेलं लोखंडी पट्ट्यांचं 'कमळ'. जलगुरू बटण दाबायचे, डोळे मिटायचे आणि गर्जायचे, "नीघ रे विषा, तळव्याच्या वाटेने चालता हो!" थोड्या वेळात पाणी पिवळं, मग तांबडं, मग थेट गटार.

"काळपट आलं ते यकृताचं, तांबूस आलं ते मूत्रपिंडाचं," जलगुरू टबाटबातून हिंडत, दक्षिणा गोळा करत निदान वाटायचे.

"आणि हा फेस कसला, गुरुजी?"

"ती तुमची चिंता."

लोक आपापल्या चिंतेकडे कौतुकाने बघत बसायचे.

पाय पुसलेला टॉवेल धुवायचा नाही, भिंतीवर लावायचा, अशी आज्ञा होती. त्याला 'विषपट' म्हणायचं. दादाने आपला विषपट लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर टांगला आणि तिथेच गणित बिघडलं. कारण लाँड्री दोघा बहीणभावांची होती. इस्त्री दादाकडे, डाग ताईकडे.

"लाँड्रीत डाग टांगतोस? गिऱ्हाईक तोंडात शेण घालेल आपल्या!"

"डाग नाही तो, माझ्या अंगातलं विष आहे. धुऊन निघत नाही ते."

धुऊन निघत नाही! बावीस वर्षं शाई, रक्त, ग्रीस, काय काय काढलेल्या ताईला तिच्याच दुकानात हे ऐकवायचं! दादा जेवायला गेला तशी तिने विषपट खाली ओढला. आधी ब्लीच लावलं. डाग उतरायचा सोडून आणखी भडक झाला. ताईचा हात थांबला. ब्लीचने चेकाळणारा डाग तिच्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकं ओले शर्ट लोखंडी खिळ्याला अडकवतात, त्यांच्या कॉलरवर असतो तोच. तिने लिंबू पिळलं, मीठ चोळलं, टॉवेल उन्हात टाकला. तीनदा केलं. टॉवेल पांढराशुभ्र.

ती तशीच वहिनीच्या शाळेत गेली. वहिनी नववीला सामान्य विज्ञान शिकवायची.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याच्या अंगातून गंज निघतोय."

वहिनी हसली नाही. "मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या पट्ट्या घालून वीज सोडली की दुसरं काय निघणार? दरवर्षी वर्गात करून दाखवते मी. घरी सांगितलं तर म्हणाले, तुझी शाळा शाळेत ठेव." मग आवाज खाली आला. "वन्सं, आज सुयांचा डबा उघडला. तीन आठवड्यांत एक सुई हललेली नाही."

दोघी तडक दरबारात गेल्या. दादा पहिल्याच खुर्चीत, पाय टबात. वहिनीने जलगुरूंच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, त्यांच्याच डब्यातला चमचाभर क्षार ढवळला, शाळेतून आणलेले दोन खिळे सोडले आणि ते बॅटरीला जोडले.

"बाई, जादूचे खेळ पोरांना दाखवा," जलगुरू म्हणाले.

"दहा मिनिटं थांबा. तुमचं विषही तेवढ्यातच उतरतं ना?"

ग्लासातलं पाणी पिवळं झालं. मग तांबडं. रांग आत घुसली.

"सांगा गुरुजी, या ग्लासाला कोणता आजार झालाय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. जलगुरू तयारीचे होते. "खोलीत एवढे रोगी! त्यांचं विष हवेतून तिथे गेलं!"

"मग पाय कशाला भिजवता लोकांचे? हवेतूनच काढा की!" ताई म्हणाली. "बरं, तुमचं हे कमळ टिकतं किती दिवस?"

"वीस दिवस," जलगुरू छाती पुढे काढून बोलले. "मग विष त्याला खाऊन टाकतं. एवढं जहाल असतं!"

"खाल्लेलं लोखंड गेलं कुठे?"

ताईने पांढरा टॉवेल झटकून सगळ्यांसमोर धरला. "पट्टीतून पाण्यात, पाण्यातून या विषपटावर, आणि एका लिंबाने माझ्या मोरीत."

"पट्टीतून जेवढं कमी झालं, तेवढं पाण्यात आलं," वहिनी म्हणाली. "आणि फेस म्हणजे हायड्रोजनचे बुडबुडे. चिंता नव्हे."

"पण मला बरं वाटतंय ना!" दादा कळवळून म्हणाला.

ताईने त्याचा पाय धरायला टबात हात घातला आणि झटक्याने मागे घेतला. "दादा, पाणी भाजतंय!"

"कोमट तर आहे."

तिने पाय वर काढून पुसला. तळव्याला फोड आले होते आणि शेवटची दोन बोटं काळी पडली होती. त्या तांबड्या पाण्यात तीन आठवडे कुणी पायाकडे पाहिलंच नव्हतं. आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या दादाला तर काही जाणवतही नव्हतं.

तेव्हा चमत्कार दाखवणाऱ्याला नमस्कार करण्याआधी एवढंच सांगावं, बाबा रे, आता माझा पाय बाहेर ठेवून हेच करून दाखव. आणि ज्या औषधावर आपण जगतोय, ते डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्या बटणापायी बंद करू नये.

जलगुरू दुसऱ्या दिवशी टबांसकट पसार झाले. दुसऱ्या गावात आता ते पायाऐवजी हात बुडवायला सांगतात म्हणे. त्यांची झिजली ती फक्त लोखंडाची पट्टी. दादाच्या सुया दिवसाला दोन होत्या, त्या चार झाल्या. उजव्या पायाला बोटं पाच होती, ती तीन राहिली.