दुधी काचेखालची पट्टी

पुतणी कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "काका, आज खरं खरं सांगा. कॅमेऱ्याला काही झालंय, की मलाच काही येत नाही?"

"आधी चपला बाहेर," काका म्हणाले. "धूळ आत आणू नकोस. मग बघू खरं-खोटं."

काका कॅमेरे दुरुस्त करत. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, पण इतकी स्वच्छ, की आत पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप खाली यावा. टेबलावर पांढरं कापड ताणून बसवलेलं, कारण हातातून निसटलेला बारीकसा स्क्रू त्यावर चटकन दिसतो. बुरशी धरलेल्या लेन्सा एका पेटीत निराळ्या, आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवावं तशा. बऱ्या झालेल्या, ओल शोषणारे दाणे घातलेल्या डब्यांत. लेन्सवर काका कधी थेट कापड फिरवत नसत. आधी रबरी भात्याची फुंकर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा फुंकर, आणि अगदीच नाइलाज झाला तर कापड. "काच पुसायची नसते, तिची समजूत काढायची असते," असं म्हणत. गिऱ्हाइकाशीही तसंच बोलत. कुणाला लागेल असा शब्द काकांच्या तोंडून निघाल्याचं कुणाला आठवत नाही. हा गुण खरा. पण कधीकधी गुणच माणसाला गोत्यात आणतो, तो कसा ते आता यायचंच आहे.

पिशवीतून निघाला तो दादांचा कॅमेरा. तो पाहिला, पण काकांनी हात पुढे केला नाही.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, पुतणीचे वडील. दोन गल्ल्या सोडून त्यांचा फोटो स्टुडिओ. माणसाचा चेहरा टिपावा तर दादांनीच, असं लोक म्हणत आणि दादा ते खोडून काढत नसत. कॅमेरा जुन्या बनावटीचा. काढून झालेला फोटो मागच्या पडद्यावर दिसे, पण काढण्याआधी तिथे काहीच दिसत नसे. डोळा वरच्या छोट्या खिडकीला लावायचा, लेन्सची कडी हाताने फिरवायची आणि चेहरा स्पष्ट झाला की बटण दाबायचं. आपणहून फोकस लावणाऱ्या लेन्सांना दादा "आयतोबा" म्हणत.

पुतणीने चार प्रिंट टेबलावर मांडल्या. "ह्या बाई बघा. कानातल्याचा खडा न खडा दिसतोय. आणि डोळे? धुक्यात. हे आजोबा. कानावरचे केस मोजून घ्या. डोळे गायब. काका, मी लोकांचे नुसते कान टिपत बसलेय!"

"दादा काय म्हणतो?"

"काय म्हणणार! ज्याला हाताने फोकस लावता येत नाही त्याने चेहऱ्यांच्या वाटेला जाऊ नये, म्हणतात." तिने प्रिंट एकेक करून पालथ्या घातल्या. "रविवारी शेजारचे रंगवाले येताहेत जागा बघायला. माझं जमलं असतं तर स्टुडिओ मला मिळणार होता. आता जागा त्यांना जाणार. चेहऱ्यांच्या जागी रंगाचे डबे लागतील. मला दुसरं काही नको होतं हो काका."

"काय काय करून पाहिलंस?"

"सगळं. लेन्स बदलली, तिपाई लावली, लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथल्या धातूच्या टिकल्या पुसल्या, श्वास रोखून बटण दाबलं. माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर छान येतात. पण बाबा म्हणतात, तो आयतोबा आहे, त्यात तुझं काय?"

"तिरकी पट्टी लाव," काका म्हणाले. न लावताही त्यांना उत्तर माहीत होतं.

ही परीक्षा त्यांनीच तिला शिकवलेली, पण दादांच्या कॅमेऱ्यावर ती करायचा तिला धीर झाला नव्हता. मोजपट्टी टेबलावर तिरकी उभी करायची, मधल्या जाड रेघेवर फोकस लावायचा, फोटो काढायचा आणि कुठली रेघ सगळ्यात स्पष्ट आली ते बघायचं. तिने कॅमेरा तिपाईवर बसवला, कडी अलगद फिरवली, बटण दाबलं, मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून पाहिलं. पुन्हा काढला, पुन्हा पाहिला. आणि एकदम ओरडली.

"मागे पडतोय! दर वेळी तेवढाच मागे! काका, मी नाही, कॅमेराच!" तिने काकांचा दंड धरून हलवला. मग हात तसाच राहिला. "पण मग बाबांचे कसे बरोबर येतात? ह्याच कॅमेऱ्यावर?"

काका रबरी भाता पुसायला लागले. भाता स्वच्छच होता.

आतल्या दारातून काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. "सांगा की. की अजून मूग गिळूनच बसायचंय?"

"तू जरा गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. तुमच्याकडूनच शिकले. पण आता पोरीच्या तोंडचा घास चाललाय."

काकांनी लेन्स काढून बाजूला ठेवली, डोळ्याला भिंग चढवलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडातून चिमटा आत घातला. आरशाच्या वर टपाल तिकिटाएवढी दुधी काच असते. लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून उडतं आणि तिच्यावर पडतं. खिडकीतून आपण बघतो ते तिच्यावरचं. ती काच केसभर वरखाली झाली, तर डोळ्याला दिसतं एक आणि फोटोत उमटतं दुसरंच. काकांनी काच उचलली आणि तिच्याखालून तांब्याच्या पातळ पट्ट्या काढून पांढऱ्या कापडावर ठेवल्या. एक. मग दुसरी. मग तिसरी.

"ह्या मी घातल्यात," ते म्हणाले.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी दादांच्या फोटोंत नाकाचा शेंडा तेवढा स्पष्ट येऊ लागला आणि डोळे मागे राहू लागले. काकांनी एकदाच, घाबरत घाबरत म्हटलं, "दादा, चष्म्याचं बघायला हवं का?" दादा उठून गेले ते पुढे बरेच दिवस दुकानाची पायरी चढले नाहीत. चष्मा लावून फोटो काढणारा फोटोग्राफर त्यांच्या लेखी पोहायला येत नसलेल्या नावाड्यासारखा. मग एक दिवस कॅमेरा साफसफाईला आला. दादांचा डोळा ठरावीक जागी चुकतो, दर वेळी तेवढाच, हे काकांनी फोटो बघून ताडलं होतं. त्यांनी काचेखाली पट्टी सरकवली, कॅमेरा परत दिला आणि म्हणाले, "लेन्समध्ये जरा धूळ होती." दादांचे फोटो पुन्हा नीट यायला लागले. "बघ," दादा सगळ्यांना सांगत सुटले, "लेन्सच होती. माझे डोळे शाबूत आहेत." पुढे डोळे आणखी उतरले, तशी साफसफाईत दुसरी पट्टी गेली. मग तिसरी.

मायेने केलं, हे देव जाणतो. पण मायेचं असं असतं, की ती ज्याच्यासाठी केली त्याच्या मापाची होते. त्याच्या डोळ्याला बेतलेली. दुसरं कुणी निर्मळ डोळ्याने तिथून बघायला गेलं, की त्याला वाटतं दोष आपलाच. आपण घराघरांत अशा किती पट्ट्या सरकवून ठेवतो! रागीट माणसाच्या रागाखाली, विसरभोळ्याच्या विसरण्याखाली. वर सगळं स्पष्ट, सगळं छान. आणि घरात नवं आलेलं माणूस चाचपडत राहतं.

पुतणी पट्ट्यांकडे बघत राहिली. मघाचा आनंद चेहऱ्यावरून ओसरला. मग ती म्हणाली, "काका, परत बसवा त्या."

"काय?"

"बाबांना कळलं तर ते कॅमेऱ्याला हात लावणार नाहीत. त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? बसवा. मला कळलं ना माझं चुकत नाही, तेवढं पुरे. मी बघेन दुसरं काहीतरी. कुठेतरी नोकरी मिळेल."

"अगं, जागा जाईल."

"जाऊ दे."

काकूंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. आणि काकांना आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. तीच माया, तीच चोरटी, तीच चिमट्याने गुपचूप सरकवलेली. आपण भावाला दिली, आता ही बापाला देणार. आणि किंमत मात्र हिने एकटीने मोजायची.

"नाही," काका म्हणाले. त्यांनी दुधी काच तिच्या मूळ जागी बसवली, लेन्स चढवली आणि पट्ट्या कागदाच्या पुडीत बांधल्या. "चल. चपला घाल."

स्टुडिओत दादा भिंतीवरच्या कापडी पडद्यासमोरचा दिवा खालीवर करत होते. "काय रे बारक्या? दुकान सोडून? आज सूर्य कुठून उगवला?"

काकांनी पुडी त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगताना ते दिव्याच्या वायरीकडे बघत होते.

दादा आधी हसले. "काहीतरीच काय! तूच म्हणाला होतास, लेन्सला धूळ होती."

"लेन्सला काही झालं नव्हतं, दादा."

"बस तिथे."

काका पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले. दादांनी डोळा खिडकीला लावला, कडी फिरवली, त्यांच्या त्या सवयीच्या, ऐटदार हाताने, आणि बटण दाबलं. कॅमेरा लेकीकडे दिला. "मोठं करून बघ. काय दिसतंय?"

"नाक, बाबा."

"आणि डोळे?"

तिने कॅमेरा परत त्यांच्या हातात दिला.

दुसरा काढला. "आता?"

"नाकच."

"ह्याचं नाकच मोठं आहे," दादा म्हणाले. कुणी हसलं नाही. तेही हसले नाहीत.

मग ते भिंतीपाशी गेले. भिंतभर चेहरे होते, फ्रेमांत, मोठ्या गिऱ्हाइकांचे, नातेवाइकांचे. दादांनी एकावर बोट ठेवलं. "हा?"

"हा तुझाच. तेव्हा पट्टी नव्हती."

"हा?"

"हाही."

"आणि हा?"

"ह्यात एक होती."

बोट सरकत सरकत एका म्हाताऱ्या बाईच्या फोटोपाशी आलं आणि थांबलं. दोघांची आई. अर्धवट हसणारी, काहीतरी बोलायच्या बेतात.

"आईचा?"

"त्यात दोन."

दादा फोटोकडे पाठ करून उभे राहिले. "म्हणजे आईकडे मी नीट बघितलंच नाही."

"बघितलंस रे. ती कधी हसणार ते तुला आधी कळलं. बटण केव्हा दाबायचं ते माझ्या पट्टीला थोडंच कळतं?"

"गोड बोलू नकोस!" दादा कडाडले. "तुझ्या ह्या गोड बोलण्यानेच हे झालंय. सांगायचं होतंस तोंडावर. मी भांडलो असतो, चार शिव्या दिल्या असत्या."

"चष्मा घेतला असतास?"

"नसता घेतला. पण तो माझा हट्ट झाला असता, माझा मी निस्तरला असता. तू मला शहाणा ठरवलंस आणि मी तेवढ्या शहाणपणावर..." ते लेकीकडे वळले आणि वाक्य तिथेच अडलं. "तुला मी काय काय बोललो."

"ते जाऊ दे, बाबा."

"का जाऊ दे? तूही त्याच्यासारखीच व्हायची ठरवलंयस का?"

ती एकदम ताठ उभी राहिली. "नाही. लागलं मला. झोप नाही लागली. मी आंधळी आहे की काय, असं वाटत होतं."

दादांनी मान हलवली. क्षमा मागायची सवय नसलेला माणूस जसा नुसता घुटमळतो तसे घुटमळले. मग काकांना स्टुलावरून उठवलं, स्वतः जाऊन बसले आणि सदरा सारखा केला.

"काढ."

"आत्ता? तुमचा?"

"मग काय मुहूर्त बघतेस?"

तिने डोळा खिडकीला लावला. कडी थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. बटणाचा आवाज झाला. तिने पडद्यावर चित्र मोठं केलं आणि धावत त्यांच्याजवळ नेलं. दादांनी कॅमेरा हातभर लांब धरला, आणखी लांब धरला आणि परत दिला.

"मला नाही दिसत," ते म्हणाले. "तू सांग. डोळे?"

"पापणीचा केस न केस आलाय, बाबा."

"आणि उजेड?"

"चांगला आहे."

"चांगला कसला! इथे बसून मला कळतंय, गालावर सगळा आदळतोय. अर्धा चेहरा पांढराफटक आला असेल. खरं सांग."

तिने पुन्हा बघितलं. "आलाय."

"मग? दिवा खाली घे. अजून. तोंड भिंतीकडे वळव त्याचं. उजेड थेट फेकायचा नसतो, भिंतीवर मारून परत आलेला घ्यायचा. तेवढं बघायला मला चष्मा लागत नाही. हां, आता काढ."

काका दाराकडे सरकले. पायांत चपला घालताना मागून हाक आली.

"बारक्या, जाताना रंगवाल्यांकडे जा. म्हणावं, रविवारी येऊ नका, जागा रिकामी होत नाही."

"सांगतो."

"त्यांना तरी सरळ सांग. आणि दारातून बाजूला हो आधी, पोरीच्या फोटोत सावली पडतेय तुझी."